हिरवळ लावली एक, उगवली भलतीच!

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका मैत्रिणीनं अंगणात पाऊल टाकताच विचारलं, "अगं, तुमचं ते कोरियन लॉन कुठं गेलं?" वाण देता देता मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनाला लागला. लॉन कुठं जाणार? जागच्या जागी होतं. चांगलं हिरवंगारही होतं. फक्त ज्याचे पैसे मोजले होते, ते गवत त्यात शोधावं लागत होतं!

तुमच्यापैकी ज्यांच्या दारापुढे चार हात अंगण आहे, त्यांना हा अनुभव आला असेलच. आपण हौसेनं एक जात लावतो आणि चार पावसाळ्यांनंतर तिथं पाच जाती नांदत असतात. मग आपण माळ्याला बोल लावतो, रोपवाटिकेला लावतो, नाही तर स्वतःच्या आळसाला. मीही तेच केलं. पण नंतर थोडी माहिती मिळवली, थोडं डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि लक्षात आलं की ह्यात फसवणूकही नव्हती आणि आळसही. अंगणातलं गवत आपल्या वागण्याप्रमाणे बदलत असतं. कसं ते सांगते.

आमचं घर साताऱ्याला. पुढे २० बाय २५ फुटांचं अंगण, त्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेला आंबा. घर बांधलं तेव्हापासून अंगणात आपोआप आलेली हरळी होती. सासूबाई तिला लॉन वगैरे म्हणत नसत. त्यांच्या लेखी ती दूर्वांची जागा. चतुर्थीच्या सकाळी छोटा पाट घेऊन त्या तिथं बसायच्या आणि तीन पानांच्या कोवळ्या दूर्वा निवडून एकवीसची जुडी बांधायच्या. २०१८ साली ह्यांना बोनस बरा मिळाला. एका स्नेह्याच्या बंगल्यावर ह्यांनी कोरियन गवताचा गालिचा पाहिला होता, तेव्हापासून ते वेड डोक्यात होतं. दिवाळीनंतर हरळी उकरून काढली, तांबडी माती पसरली, रोपवाटिकेतून मातीसकट गवताचे चौकोन आले आणि दोन दिवसांत अंगण बिलियर्डच्या टेबलासारखं दिसू लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दूर्वा मात्र त्या त्यानंतर बाजारातून विकत आणू लागल्या.

पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात नळापाशी लव्हाळ्याची टोकं वर आली. तिसऱ्या वर्षी मधूनच हरळीचे धागे दिसू लागले. आंब्याखाली कोरियन गवत विरळ होत होत मातीच उघडी पडली. मी रोज दुपारी खुरपं घेऊन बसायची. शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे दुपार तेवढी माझी. तीही ह्या खुरपणीत जायला लागली. गुडघे दुखू लागले, आणि आज काढलेला लव्हाळा परवा दामदुपटीनं हजर!

शेवटी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे रडगाणं गायले. (मी बी.ए.ला मराठी घेतलेली. गवताला कुळं आणि जाती असतात ह्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.) त्या म्हणाल्या, "एक दिवस खुरपं बाजूला ठेवा. नुसतं बघा. कुठं काय उगवलंय त्याचा नकाशा काढा आणि मग मला दाखवा." आमच्या धाकटीची गणिताची चौकटीची वही घेतली आणि एक चौकट म्हणजे एक फूट असं धरून अंगण कागदावर उतरवलं. मैत्रिणींनो, तुम्हीही हे एकदा करून बघा. तासभराचं काम, पण वर्षानुवर्षं जे दिसत नव्हतं ते लख्ख दिसतं.

माझ्या नकाशात गवतं कशीही पसरलेली नव्हती. प्रत्येकीनं आपापली जागा निवडली होती. मधला उन्हाचा भाग हरळीचा. नळाच्या आणि मोरीच्या बाजूचा ओलसर पट्टा लव्हाळ्याचा. फाटकापासून पायरीपर्यंत, जिथून सगळे जातात-येतात आणि ह्यांची स्कूटर फिरते, तिथं जमीन घट्ट झालेली. तिथं एक चिवट गवत, ज्याला बोटं फुटल्यासारखं कणीस येतं. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही तर रानातली नाचणी!" बाईंनी सांगितलं की त्यांचं अगदी बरोबर आहे, ते नाचणीच्याच कुळातलं रानटी भावंड. आंब्याच्या कडेला, ऊन-सावलीत, आंबुशी आणि जमिनीला चिकटून पसरणारी बारीक तिपानी रानमेथी. आणि आपलं कोरियन? ते उरलं होतं पूर्वेच्या कुंपणालगत, जिथं फारसं कुणी जात नाही, हरळी अजून पोचली नव्हती आणि सकाळचं ऊन मिळतं तिथं. जेमतेम साठ-सत्तर चौकटी.

बाईंनी नकाशा पाहिला आणि एकेक उलगडून सांगितलं. कोरियन गवत दिसायला दाट, मखमली, पण वाढीला फार संथ. हरळीचं उलट. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. वरचे धागे कापले तरी खालची मुळासारखी खोडं शाबूत असतात, आणि त्यांचं एक पेर मातीत राहिलं तरी त्यातून नवं रोप येतं. आम्ही हरळी उकरून काढली असं समजत होतो, पण खरं म्हणजे आम्ही तिचे तुकडे करून सगळ्या अंगणात सारखे पसरवले होते! वर तांबडी माती आणि कोरियनचं पांघरूण. ती वाट बघत बसली. २०१९च्या उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाआड पाणी होतं, तेव्हा कोरियन मलूल झालं आणि पुरतं सावरायला त्याला पुढचा सगळा पावसाळा लागला. हरळी उन्हाळ्यात वाळून पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते, पण पहिल्या वळवाबरोबर हिरवी होऊन निघते. त्या एका हंगामात तिनं निम्मं अंगण परत घेतलं असावं.

मात्र हरळीला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. म्हणून आंब्याखाली तीही जात नाही. आंबा दरवर्षी हातभर पसरतो, त्याबरोबर हरळीची सीमा मागे सरते. आणि लव्हाळा! तो मुळी गवत नव्हेच. देठ बोटात धरून फिरवा, तिकोनी लागतो. त्याच्या मुळांना गाठी असतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच. आपण वरचं पान उपटलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होऊन प्रत्येक आपलं वेगळं बिऱ्हाड मांडते. म्हणजे दोन वर्षं मी दुपारची झोप मोडून लव्हाळ्याची लागवडच करत होते म्हणायची. उटण्यात घालतो तो नागरमोथा ह्याच्याच नात्यातला. सासूबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "दिवाळीला आपण पैसे देऊन आणतो आणि इथं फुकटचा उपटून टाकतेस!"

हा प्रकार फक्त आमच्याच अंगणात होतो असं नाही. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला फार आवडल्या. दोन्ही इंग्लंडमधल्या, कारण हिरवळीची हौस आणि तिचा अभ्यास दोन्ही तिथं जुने.

पहिली डार्विनची. तोच, माकडापासून माणूस म्हणून आपण ज्याला ओळखतो तो. त्यानं तीन फूट बाय चार फुटांचा हिरवळीचा एक तुकडा घेतला. तो नेहमी कापला जाणारा होता आणि त्यात वीस जातींच्या वनस्पती होत्या. मग कापणं बंद करून सगळ्यांना मनसोक्त वाढू दिलं. उंच, जोमदार होत्या त्यांनी ठेंगण्यांचं ऊन अडवलं, आणि वीसपैकी नऊ जाती नाहीशा झाल्या. १८५९च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात हे आहे. जेवणाच्या टेबलाएवढी जागा, ना खत बदललं ना पाणी, नुसती कात्री थांबवली!

दुसरी गोष्ट लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातली. तिथं लॉज आणि गिल्बर्ट ह्या दोघांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले. बी कुठलंच पेरलं नाही. प्रत्येक पट्ट्याला वेगळं खत, काहींना काहीच नाही, आणि दरवर्षी जूनमध्ये गवत कापायचं, एवढंच. दोन-तीन वर्षांतच पट्टे इतके वेगळे दिसू लागले की बघणाऱ्याला वाटावं, इथं निरनिराळं बी पेरलंय. हा प्रयोग अजून चालू आहे. ज्या पट्ट्यांना कधीच खत मिळालं नाही तिथं चाळिसाच्या आसपास जाती सुखानं नांदतात, फुलंही येतात. आणि ज्यांना चुना न घालता वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं, तिथली जमीन आम्ल होत होत, म्हणजे आंबट म्हणा ना, अशी झाली की एक-दोन जातींखेरीज काही टिकलं नाही. १९७०च्या सुमारास तर असं आढळलं की शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं एकाच जातीचं गवतसुद्धा स्वभावानं निराळं झालंय. मला आपलं दोन जावांच्या मुलांची आठवण झाली. एकच घर, भिंत तेवढी मधे!

ह्यातली खताची गोष्ट ऐकून मी चपापले. आमचे हे दर महिन्याला मूठमूठ युरिया टाकत होते. बाई म्हणाल्या, "रानमेथी ही शेंगवर्गातली. ती मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते, म्हणजे फुकटचं खत. तुम्ही वरून युरिया घातलात की तिची गरजच उरत नाही आणि जोमदार गवत तिला दाबून टाकतं." रॉथॅमस्टेडलाही नत्राचं खत मिळालेल्या पट्ट्यांतून शेंगवर्गातल्या वनस्पती अशाच गेल्या.

माझी मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली, तिला हे सगळं कळवलं. तिनं उलट मलाच वेड्यात काढलं. म्हणाली, "आमच्याकडे तर बीचं खोकं आणतानाच मिसळलेलं आणतात!" त्यात राय गवत असतं, फेस्क्यू असतं, आणखी एक-दोन असतात. राय गवत आठवड्याभरात उगवतं, जमीन झाकतं, धूप थांबवतं. बाकीची सावकाश येणारी. त्यांतल्या एकाला तर तीन आठवडेही लागतात. पहिल्या वर्षी सगळीकडे राय गवताचाच बोलबाला. पुढे मात्र झाडाखाली बारीक पानांचं फेस्क्यू उरतं, मुलं खेळतात तिथं राय टिकतं, आणि खोक्यावर ज्याचं नावही नव्हतं असं एक बुटकं गवत मोकळ्या जागा भरून काढतं. चार वर्षांनी खोक्यावरचं प्रमाण आणि जमिनीवरचं प्रमाण ह्यांचा काही संबंध राहत नाही. ती मंडळी एकाच जातीवर विसंबत नाहीत, कारण अंगणात एकच हवामान नसतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बोनसचे निम्मे पैसे वाचले असते!

आता घरातली गोष्ट. ती सांगितल्यावाचून हा लेख खोटा होईल.

मी नकाशे काढत होते तेव्हा माळी ह्यांना म्हणाला, "साहेब, औषध मारू. चार दिवसांत सगळं साफ." दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाटली आणली. मी वरची बारीक अक्षरं वाचली. रुंद पानांची तणं मारणारं, गवताला न लागणारं औषध. म्हणजे हरळी तशीच राहणार, मरणार आंबुशी आणि रानमेथी. आणि आंबुशी सासूबाई डाळीत घालतात! सकाळी परडी घेऊन हवी तेवढी खुडून आणतात, धुतात आणि फोडणीला टाकतात. त्यांना आताशा नीट दिसत नाही. कुठल्या भागावर फवारलं, कुठल्या नाही, हे त्या कुठून ओळखणार? शिवाय आमची धाकटी तिथंच लोळते.

रात्री जेवताना मी हे काढलं. हे ऐकून घेत होते, मग एकदम म्हणाले, "तुम्हा दोघींना ते लॉन नकोच होतं पहिल्यापासून." आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी पोळी तशीच.

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. कारण त्यात थोडं तथ्य होतं. सासूबाईंच्या दूर्वा गेल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण बोलले नव्हते. आणि हरळी परत आली तेव्हा कुठंतरी बरंही वाटलं होतं, तेही बोलले नव्हते. ह्यांनी मात्र आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी केलेली ती एकमेव गोष्ट. रोज कचेरीतून आल्यावर चप्पल काढून पाच मिनिटं त्यावर उभे राहायचे. आमचं भांडण तणाचं नव्हतंच.

तीन-चार दिवस घरात शुकशुकाट होता. मग एका रविवारी मी चौकटीची वही ह्यांच्यापुढे ठेवली आणि पूर्वेच्या कुंपणालगतच्या त्या साठ-सत्तर चौकटी दाखवल्या. म्हटलं, "एवढं कोरियन अजून चांगलं आहे. हे राखू. त्याच्या कडेनं विटा उभ्या पुरू म्हणजे हरळी आत यायची नाही. बाकीचं ज्याचं त्याला देऊन टाकू." ह्यांनी बराच वेळ वही पाहिली. मग म्हणाले, "आंब्याखाली काय लावायचं?" एवढंच! पण मी ओळखलं. बाटली संध्याकाळी दुकानात परत गेली. पैसे मिळाले नाहीत, त्याच्या बदल्यात दुकानदारानं एक खुरपं दिलं.

ह्या बाटलीवरून बाईंनी सांगितलेली आणखी एक गंमत. अमेरिकेत आणि इंग्लंडात पूर्वी हिरवळीच्या बियांत क्लोव्हर नावाची तिपानी वनस्पती मुद्दाम मिसळत, रानमेथीसारखीच नत्र देणारी. १९४५च्या सुमारास रुंद पानं मारणारं औषध बाजारात आलं. त्यानं तणाबरोबर क्लोव्हरही मरायला लागलं. मग काय, क्लोव्हरलाच तण म्हणायला सुरुवात झाली! अलीकडे तिथले लोक पुन्हा हौसेनं ते पेरू लागले आहेत.

आम्ही पुढे काय केलं ते थोडक्यात. आधी माळ्याला कापणीची उंची वाढवायला सांगितली. तो अगदी हजामत केल्यासारखं कापायचा. त्यानं जमीन उघडी पडते, बियांना ऊन मिळतं आणि तणांचं फावतं. आता दीड-दोन इंच ठेवतो, आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापत नाही. पाणी रोज शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, पण मुरेपर्यंत. वरवरच्या पाण्यानं मुळं वरच राहतात. युरिया बंद, पावसाळ्याच्या तोंडी चाळलेलं शेणखत तेवढं. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीचे तुकडे टाकले, कारण रोज पाय पडणार तिथं गवताला दोष देण्यात अर्थ नाही. आंब्याखाली शेजारणीकडून सावली सोसणाऱ्या रुंद पानांच्या गवताचे ठोंब आणून लावले. मखमली वगैरे दिसत नाही, पण चिखल थांबला.

तुम्ही नव्यानं हिरवळ लावणार असाल तर एवढं जरूर करा: रोपवाटिकेतून चौकोन आणाल तेव्हा दोन-तीन उलटे करून खालची माती चिमटीत चुरडून बघा. काळ्या, कडक गाठी लागल्या तर तो माल घेऊ नका. लव्हाळा बहुतेक वेळा असाच घरात येतो. आणि जमीन तयार झाल्यावर लगेच न लावता पाणी मारून दोन-तीन आठवडे थांबा. आधीचं जे काही मातीत दडलंय ते डोकं वर काढेल. ते मुळासकट काढा आणि मग लावा. आम्हाला दिवाळीची घाई नडली.

गेल्या भाद्रपदात सासूबाई पुन्हा अंगणात पाट घेऊन बसल्या. दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून दूर्वा निवडत होत्या, आणि धाकटी शेजारी बसून मोजत होती. हे आपल्या विटांच्या चौकोनात अनवाणी उभे होते. तिथं नवीन येणारा हरळीचा एकेक धागा ते स्वतः वेचून काढतात आणि सासूबाईंच्या परडीत टाकतात.

लव्हाळ्याचं मात्र अजून जमलेलं नाही. नळाखालचा ओलावा कमी केला, गाठीसकट खणून काढते, तरी श्रावण आला की तो आहेच. कुणा वाचक भगिनीला ह्यावर औषधावाचून काही खात्रीचा उपाय माहीत असेल, तर अवश्य कळवावा.